जकात शून्य, तरी माल महाग: ब्रेक्झिटने ब्रिटनचं नेमकं काय बिघडवलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला, तरी २०२० अखेरच्या करारात दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या मालावरचं आयात शुल्क शून्यच ठेवलं. मग नुकसान झालं म्हणतात ते कशातून? आणि इथून तिकडे माल पाठवणाऱ्याला त्याचं काय?

मुंबईकरांना मुलुंड-दहिसरचे जकात नाके आठवत असतील. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ते उठले. व्यापाऱ्याची त्यात जकात वाचली, पण त्याहून मोठी बचत वेगळीच होती. रांगेत उभ्या ट्रकचे तास वाचले, नाक्यावरच्या एजंटाचे पैसे वाचले आणि ‘माल उद्या सकाळी पोचतो’ असा शब्द गिऱ्हाइकाला देता येऊ लागला. ब्रिटनने याच्या बरोबर उलट केलं: जकात न लावता नाका उभा केला. म्हणून ब्रेक्झिटचा हिशेब शुल्काच्या तक्त्यात शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही.

आधी तारखा. २३ जून २०१६ ला सार्वमत झालं, ५१.९ टक्के मतं बाहेर पडण्याच्या बाजूने. २९ मार्च २०१७ ला कलम ५० ची (संघाच्या करारातल्या बाहेर पडण्याच्या कलमाची) नोटीस दिली, म्हणजे दोन वर्षांचं घड्याळ सुरू केलं. प्रत्यक्ष बाहेर पडणं ३१ जानेवारी २०२० ला झालं, पण ३१ डिसेंबर २०२० पर्यंत संक्रमणकाळ असल्याने व्यापारात काहीच बदललं नव्हतं. व्यापार करारावर २४ डिसेंबरला एकमत झालं आणि १ जानेवारी २०२१ पासून तो लागू झाला. बाराशेहून अधिक पानांचा करार, आणि तो वाचून कामाला लावायला व्यापाऱ्यांना मिळाला एक आठवडा, तोही नाताळचा.

बाहेर पडणं म्हणजे नेमकं कशातून, इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. युरोपीय संघात एकावर एक दोन व्यवस्था आहेत. पहिली सीमाशुल्क संघाची: सगळ्या सदस्यांचं बाहेरच्या जगासाठीचं शुल्क एकच. त्यामुळे माल एकदा आत आला की तो मुळात कुठला, हे विचारायची गरज उरत नाही. दुसरी एकल बाजारपेठेची: आरोग्य, सुरक्षा, लेबल, रसायनं यांचे नियम एकच, आणि ते पाळले की नाही याचा शेवटचा निवाडा करणारं न्यायालयही एकच. त्यामुळे सीमेवर तपासणीचीही गरज नाही. नॉर्वे बाजारपेठेत आहे पण सीमाशुल्क संघात नाही. तुर्कस्तानचं औद्योगिक मालापुरतं उलट. ब्रिटन दोन्हींतून बाहेर पडला. उरला तो मुक्त व्यापार करार, आणि त्यातली शून्य शुल्काची सवलत आपोआप मिळत नसते. माल ‘आपलाच’ आहे हे सिद्ध केलं तर मिळते. सिद्ध करण्याला खर्च येतो, आणि सगळी मेख तिथेच आहे.

एक खेप घेऊन पाहू. सॉमरसेटमधला एक चीज बनवणारा फ्रान्समधल्या लियाँच्या दुकानाला दोन खोकी चेडर पाठवतो. २०२० पर्यंत लागायचं एक बिल आणि एक ट्रक. २०२१ पासून काय लागतं ते क्रमाने सांगतो. आधी दोन्हीकडचा ईओआरआय क्रमांक, म्हणजे सीमाशुल्क खात्याकडचा व्यापाऱ्याचा नोंदणी क्रमांक, आपल्या आयात-निर्यात क्रमांकाचा (आयईसीचा) भाऊ. मग मालाचा एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कासाठीचा वर्गवारी क्रमांक, आणि हा पहिला अडसर: ‘चेडर’ आणि ‘किसलेलं चेडर’ यांचे कोड वेगळे, कोड चुकला की पुढचं सगळं चुकतं. मग तिकडे आयातदार कोण हे ठरवायचं. विकणाऱ्याने घरपोच, सर्व कर भरून देण्याची अट घेतली असेल तर आयातदार तोच ठरतो. त्याला फ्रान्समध्ये व्हॅट नोंदणी घ्यावी लागते आणि बहुतेकदा तिथे स्थानिक प्रतिनिधीही नेमावा लागतो. पहिल्या काही महिन्यांत या अटीमुळेही माल अडकला. जुन्या करारपत्रांत ती वर्षानुवर्षं तशीच छापलेली होती आणि कुणी बदललीच नव्हती.

पुढे निर्यात घोषणापत्र. बिलावर ठरलेल्या शब्दांतलं मूळ देशाचं निवेदन. त्याचे पुरावे निर्यातदाराने चार वर्षं जपायचे. चीज प्राणिजन्य, म्हणून सरकारमान्य पशुवैद्याच्या सहीचं आरोग्य प्रमाणपत्र, तेही इंग्रजीबरोबर माल ज्या देशातून आत शिरणार त्याच्या भाषेत. असा माल नोंदवण्याच्या युरोपच्या ट्रेसेस या ऑनलाइन प्रणालीत आगाऊ नोंद. मग प्राणिजन्य माल तपासण्याची सोय असलेल्या चौकीतूनच प्रवेश. कुठल्याही बंदरात ट्रक उतरवून चालत नाही. आणि हो, लाकडी पॅलेटसुद्धा उष्णताप्रक्रिया केलेलं, गव्हाच्या लोंबीचा शिक्का असलेलं हवं. हा नियम जगभर आहे, आपल्या निर्यातदारांना तो पाठ आहे. युरोपच्या आतल्या व्यापाराला मात्र तो लागू नव्हता, त्यामुळे ब्रिटनच्या गोदामांत विनाशिक्क्याची पॅलेटं ढिगाने पडून होती.

आता गणित. पशुवैद्याची सही, एजंटाची फी, घोषणापत्र मिळून एका खेपेला समजा २०० पौंड. वीस हजार पौंडांचा भरलेला ट्रक असेल तर हा खर्च एक टक्का, मोठी कंपनी तो पचवते. चारशे पौंडांची दोन खोकी असतील तर पन्नास टक्के. तिथे धंदाच संपतो. हा खर्च मालाच्या किमतीवर बेतलेला नसून खेपेवर बेतलेला आहे, हे नीट लक्षात घ्या. कारण शुल्क बहुधा टक्क्यात असतं, ते लहान-मोठ्या दोघांना सारखं लागतं. कागद सारखा लागत नाही.

त्यातही सगळ्यात हाल मिश्र खेपेचे. लहान उत्पादक स्वतःचा ट्रक भरू शकत नाहीत, म्हणून वीस जणांचा माल एका ट्रकमध्ये जातो. एकाच्या प्रमाणपत्रावर एक शिक्का राहिला तर उरलेल्या एकोणीस जणांचा माल चौकीवर थांबतो. वाहतूकदाराने हे दोन-तीनदा सोसलं की तो मिश्र खेपा घेणंच बंद करतो किंवा दर दुप्पट करतो. मग ज्याचे कागद चोख आहेत, त्यालाही गाडी मिळत नाही.

हे आकड्यांत कसं दिसतं? जानेवारी २०२१ मध्ये ब्रिटनची युरोपीय संघाला होणारी मालनिर्यात आधीच्या महिन्यापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी घसरली. पण त्यावरून निष्कर्ष काढू नये: डिसेंबरात सगळ्यांनी साठे करून ठेवले होते, शिवाय कोविड होता. पुढच्या महिन्यांत बरीचशी निर्यात सावरली आणि ‘बघा, काहीच झालं नाही’ म्हणणाऱ्यांना जोर आला. खरं चित्र कंपन्यांच्या पातळीवर उतरल्यावर दिसतं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी डिसेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार सुमारे १६,४०० कंपन्यांनी, म्हणजे युरोपला निर्यात करणाऱ्यांपैकी १४ टक्क्यांनी, तिकडची निर्यातच थांबवली. मोठ्यांनी धंदा टिकवला, म्हणून एकूण आकडा फार पडला नाही. ॲस्टन विद्यापीठाचा अंदाज जास्त कडक आहे: ब्रेक्झिट झालं नसतं तर जी झाली असती, त्या निर्यातीच्या तुलनेत २०२१ ते २०२३ मध्ये २७ टक्के घट. दोन्ही अंदाजांत एक गोष्ट समान निघते, ती म्हणजे घाव लहानांवर बसला. लहान कंपनी बंद होत नाही, ती फक्त युरोपला विकणं सोडते. त्याची बातमी होत नाही.

दुसरा मोठा प्रश्न मूळ देशाचा, म्हणजे रूल्स ऑफ ओरिजिनचा. इथे भारताचा थेट संबंध येतो.

समजा इचलकरंजीचं कापड लेस्टरमधल्या कारखान्यात गेलं, तिथे शर्ट शिवला आणि तो जर्मनीला विकला. ब्रेक्झिटपूर्वी कापड ब्रिटनमध्ये शिरताना जे शुल्क लागेल ते लागायचं, पुढे शर्ट युरोपभर मोकळा. आता करारातला नियम म्हणतो की विणकामासह शिवण ब्रिटन किंवा युरोपीय संघात झालेली हवी. फक्त कापून शिवलं तर शर्ट ब्रिटिश ठरत नाही. तेव्हा जर्मनीत १२ टक्क्यांपर्यंत शुल्क. कापडावरचं ब्रिटनमधलं शुल्क वाचवायचं असेल तर ‘इनवर्ड प्रोसेसिंग’ची, म्हणजे निर्यातीच्या मालासाठी आणलेल्या कच्च्या मालावर शुल्कमाफीची परवानगी आधी काढावी लागते (आपल्या ॲडव्हान्स ऑथोरायझेशनसारखा प्रकार), आणि कुठलं कापड कुठल्या शर्टात गेलं याची नोंद ठेवावी लागते. पन्नास मशिनांच्या कारखान्याला हे झेपत नाही.

बासमतीचं तर आणखी उघड. भारतातून कोंडा न काढलेला तांदूळ ब्रिटनच्या गिरण्यांत जायचा, तिथे पॉलिश होऊन युरोपला विकला जायचा. करारातच लिहून ठेवलंय की भात सडणं, तांदूळ पॉलिश करणं ही ‘अपुरी प्रक्रिया’ आहे. तेवढ्याने मूळ देश बदलत नाही. म्हणजे तो तांदूळ भारतीयच राहिला, आणि पॉलिश केलेल्या तांदळावर युरोपचं शुल्क टनाला १४५ ते १७५ युरो. हाच तांदूळ अँटवर्प किंवा रॉटरडॅमच्या गिरणीत पॉलिश केला तर युरोपात हा प्रश्नच येत नाही. गिरणी कुठे असावी हे असं एका कलमाने ठरतं.

मोटारींचा खेळ मोठ्या रकमांचा. ब्रिटन-युरोप व्यापारात मोटारीवर शून्य शुल्क हवं असेल तर तिच्या किमतीतला बाहेरचा वाटा ४५ टक्क्यांच्या आत लागतो, नाहीतर १० टक्के शुल्क. विजेच्या गाडीत एकटी बॅटरीच किमतीचा मोठा हिस्सा खाते आणि ती बहुधा चीन-कोरियाची. म्हणून विजेच्या गाड्यांना सुरुवातीला बाहेरचा वाटा ६० टक्क्यांपर्यंत चालेल अशी सूट दिली होती; ती २०२३ अखेर संपायची होती, ऐनवेळी डिसेंबर २०२३ मध्ये २०२६ अखेरपर्यंत वाढवली. २०२७ पासून मर्यादा एकदम ४५ टक्क्यांवर येते आणि बॅटरी पॅकही ब्रिटन किंवा युरोपातच बनलेला लागतो. टाटा समूहाने जुलै २०२३ मध्ये सॉमरसेटमध्ये ४ अब्ज पौंडांहून अधिक गुंतवणुकीचा, ४० गिगावॉट-तास क्षमतेचा बॅटरी कारखाना जाहीर केला, त्याचं गणित या तारखेशी जोडून वाचलं की कळतं.

आता उलट बाजू: ब्रिटनमध्ये येणारा माल. इथे ब्रिटनने जे केलं त्याला दुसरा शब्द नाही, स्वतःच्याच नाक्याला घाबरणं. निर्यातीवर युरोपची तपासणी पहिल्या दिवसापासून सुरू झाली. आयातीवर ब्रिटनने स्वतःची तपासणी पाच वेळा पुढे ढकलली. कारण साधं: तपासणी सुरू केली की अन्न महागणार. तीन वर्षं युरोपचा माल जवळजवळ विनातपास आत येत राहिला आणि ब्रिटनचा माल तिकडे तपासला जात राहिला. दरम्यान पोर्ट्समथला सुमारे अडीच कोटी पौंड खर्चून बांधलेली तपासणी चौकी बरीचशी वापराविना राहिली. अखेर ३१ जानेवारी २०२४ पासून आरोग्य प्रमाणपत्रं आणि ३० एप्रिल २०२४ पासून प्रत्यक्ष तपासणी आली. डोव्हर बंदरातून आणि समुद्राखालच्या बोगद्यातून येणाऱ्या मालाला कागदावरच्या प्रत्येक मालप्रकारामागे २९ पौंडांपर्यंत आणि एका खेपेला जास्तीत जास्त १४५ पौंड आकार. पुन्हा तोच प्रकार: दहा तऱ्हांची चीज आणणारं छोटं दुकान मरतं, एकच तऱ्हा ट्रकभर आणणारं सुपरमार्केट तरतं. सीमा व्यवस्थेवरचा सरकारी खर्च ४.७ अब्ज पौंडांवर जाईल, असं ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने मे २०२४ मध्ये नोंदवलं.

आणि तपासणी नसतानाही किमती चढल्याच, कारण युरोपकडचे कागद होतेच. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्याच अभ्यासानुसार या अडथळ्यांमुळे २०१९ अखेर ते मार्च २०२३ या काळात ब्रिटिश कुटुंबांना अन्नासाठी एकूण सुमारे ७ अब्ज पौंड जास्त मोजावे लागले, घरटी २५० पौंड. गरिबाच्या खर्चात अन्नाचा वाटा मोठा असतो, तेव्हा हा बोजा कुणावर जास्त पडला ते वेगळं सांगायला नको.

पौंडाबद्दल थोडक्यात. सार्वमताच्या रात्री पौंड १.५० डॉलरवरून दुसऱ्या दिवशी १.३३ च्या खाली गेला, एकतीस वर्षांतला नीचांक. चलन पडलं की निर्यात वाढते हे पाठ्यपुस्तकात ठीक. पण निर्यातीच्या मालातलेच अर्धे सुटे भाग आयात होत असतील तर तेही महागतात. निर्यात फारशी वाढली नाही, महागाई मात्र पोचली. गुंतवणुकीचं दुखणं याहून खोल. व्यवहार बदलायला २०२१ उजाडलं, पण उद्योगांची गुंतवणूक २०१६ पासूनच थबकली. नियम काय असणार हे माहीत नसताना दहा वर्षांचं यंत्र कोण घेईल? साडेचार वर्षं हा प्रश्न लोंबकळत राहिला, आणि माझ्या मते एकूण नुकसानातला हा सर्वात टाळता येण्याजोगा भाग होता. नोटीस आधी दिली, काय हवं ते नंतर ठरवायला बसले. क्रम उलटा हवा होता.

सेवांचं चित्र मिश्र आहे. बँकांचा ‘पासपोर्ट’ गेला, म्हणजे लंडनच्या एका परवान्यावर सगळ्या युरोपात धंदा करण्याची मुभा गेली. जानेवारी २०२१ मध्ये युरोपातल्या शेअर व्यवहारात ॲम्स्टरडॅम लंडनच्या पुढे गेलं. युरोपीय औषध संस्था ॲम्स्टरडॅमला गेली, बँकिंग प्राधिकरण पॅरिसला. तरी लंडनहून हललेल्या वित्तीय नोकऱ्या सात हजारांच्या आसपासच मोजल्या गेल्या. सुरुवातीची भाकितं याच्या कितीतरी पट होती. सल्ला, सॉफ्टवेअर, कायदा या सेवांना सीमेवर ट्रक थांबवत नाही, म्हणून त्यांची निर्यात चांगली चालली. घायाळ झाले ते ज्यांना माणूस घेऊन जावं लागतं ते: वादकांचे ताफे, यंत्रं बसवणारे तंत्रज्ञ, ज्यांच्या पदवीला आता देशागणिक वेगळी मान्यता काढावी लागते असे वास्तुविशारद.

माणसांचंच बोलायचं तर मुक्त संचार थांबला आणि त्यातून येणारे पोलिश, रुमानियन कामगार आटले. २०२१ च्या शरदात ट्रकचालक मिळेनात म्हणून पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा सरकारने घाईघाईने ५,००० चालकांना आणि कोंबडी प्रक्रियेतल्या ५,५०० कामगारांना तात्पुरते व्हिसा देऊ केले. चालकांची टंचाई सगळ्या युरोपात होती, हेही खरं. पुढची काही वर्षं स्थलांतर घटलं नाहीच, वाढलं. फक्त माणसं बदलली, आणि येणाऱ्यांत भारतीय अगदी वरच्या क्रमांकावर आले.

मग एकूण फटका किती? ब्रिटनच्या अर्थसंकल्पीय उत्तरदायित्व कार्यालयाचं गृहीतक असं की दीर्घकाळात उत्पादकता राहिली असती त्यापेक्षा ४ टक्के कमी राहील आणि आयात-निर्यात १५ टक्के कमी. नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी, त्यांत बँक ऑफ इंग्लंडचे अर्थतज्ज्ञही होते, याहून मोठा आकडा मांडला: २०२५ पर्यंत सकल उत्पन्नात (जीडीपीत) ६ ते ८ टक्के घट. हे आकडे वाचताना एक खबरदारी घ्या. अर्थव्यवस्था तेवढी आकसली असा त्यांचा अर्थ नाही. ती वाढलीच, पण वाढली असती तेवढी वाढली नाही. ‘असती तर’चा ब्रिटन प्रत्यक्षात नाही, म्हणून अमेरिका-जर्मनीसारख्या देशांचं मिश्रण करून त्याची सावली उभी करतात आणि फरक मोजतात. मिश्रण बदललं की आकडा बदलतो. कोविड आणि २०२२ चं गॅसचं संकट मध्ये आल्याने वाद उरतोच. वाद आकड्याचा आहे, दिशेचा फारसा नाही.

फायदे काहीच नाहीत का? आहेत. २०२५ मध्ये अमेरिकेने शुल्क वाढवलं तेव्हा ब्रिटनला १० टक्के लागलं, युरोपीय संघाला १५. हा उघड लाभ. स्वतःचे व्यापार करार करता आले: ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, पॅसिफिक देशांचा गट, आणि २४ जुलै २०२५ ला भारताशी. भारताचा करार आपल्यासाठी मोठा आहे. आपल्या निर्यातीच्या जवळजवळ सगळ्या मालप्रकारांवरचं शुल्क तो काढतो आणि व्हिस्कीवरचं आपलं १५० टक्के आधी ७५ वर, दहा वर्षांत ४० वर आणतो. पण ब्रिटनला त्यातून किती? ब्रिटिश सरकारचाच अंदाज वर्षाला ४.८ अब्ज पौंड, सकल उत्पन्नाच्या ०.१३ टक्के. ऑस्ट्रेलियाचा करार ०.०८ टक्के. हे ४ टक्क्यांपुढे ठेवून पाहा. शेजाऱ्याशी व्यापार जास्त होतो, हा व्यापाराचा गुरुत्वाकर्षणासारखा नियम आहे. फ्रान्सचं कॅले बंदर डोव्हरच्या समोरच्या किनाऱ्यावर आहे आणि ते सिडनीच्या जागी नेऊन ठेवता येत नाही.

मासेमारीचं उदाहरण चटका लावणारं आहे. उत्पन्नातला वाटा ०.१ टक्क्याहूनही कमी, पण सार्वमताच्या प्रचारात ती मानाची गोष्ट होती: आपलं पाणी आपल्याला. पाणी थोडंफार मिळालं. पण ब्रिटिश समुद्रातले खेकडे, शिंपले, लँगुस्टीन खातात ते फ्रान्स-स्पेनमध्ये. ‘ब’ वर्गाच्या, म्हणजे पुरेशा स्वच्छ नसलेल्या पाण्यातले जिवंत शिंपले शुद्ध केल्याशिवाय त्रयस्थ (संघाबाहेरच्या) देशातून घ्यायचे नाहीत, हा युरोपचा जुना नियम. ब्रिटन त्रयस्थ झाला आणि तो धंदा एका रात्रीत बंद पडला. ग्रीनलँड १९८५ मध्ये युरोपीय समुदायातून बाहेर पडला होता तोही माशांसाठीच, पण त्याने बाहेर पडतानाच मासेमारीच्या हक्कांच्या बदल्यात बाजारपेठ पदरात पाडून घेतली. एकाच मालाचा देश असेल तर असा सौदा जमतो. भारत नोव्हेंबर २०१९ मध्ये आरसेपमधून, म्हणजे आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार करारातून, सही न करताच मागे फिरला, त्याची तुलना इथे चालत नाही; आत न गेलेल्याला तोडायला पुरवठा साखळ्याच नसतात.

आता इथल्या निर्यातदाराला काय करायचं, तेवढं सांगतो. पहिली गोष्ट, युरोप आणि ब्रिटन ही दोन वेगळी सीमाशुल्क क्षेत्रं धरून चाला. नाशिकची द्राक्षं न्हावाशेव्याहून रॉटरडॅमला उतरवायची आणि मागणी येईल तशी ट्रकने ब्रिटनला न्यायची, हा जुना शिरस्ता आता महाग पडतो. नेदरलँड्समध्ये शुल्क भरून मोकळा केलेला भारतीय माल ब्रिटनच्या दारात पुन्हा भारतीयच असतो. तिथे जे लागू असेल ते शुल्क पुन्हा भरावं लागतं. ब्रिटनचा वाटा आधीच ठाऊक असेल तर कंटेनर थेट लंडन गेटवे, फेलिक्सस्टो किंवा साउदॅम्प्टनला पाठवा. ठाऊक नसेल तर रॉटरडॅमला बॉन्डेड गोदामात (शुल्क न भरता माल ठेवण्याच्या जागी) ठेवून टी-१ ट्रान्झिटवर, म्हणजे शुल्क न भरता पुढे नेण्याच्या कागदावर, न्या, आणि भारताचं मूळ देशाचं प्रमाणपत्र वैध राहावं म्हणून माल सीमाशुल्काच्या देखरेखीबाहेर जाऊ देऊ नका.

रसायनवाल्यांसाठी: वर्षाला एक टन किंवा त्याहून जास्त माल असेल तर युरोपचं रीच (रसायन नोंदणीचा कायदा) आणि ब्रिटनचं रीच अशा दोन वेगळ्या नोंदण्या. नोंदणीसाठी नेमलेला तुमचा तिकडचा प्रतिनिधी (‘ओन्ली रिप्रेझेंटेटिव्ह’) लंडनचा असेल तर युरोपच्या नोंदणीसाठी तो बाद झालेला आहे. युरोपातला नेमायला हवा. यंत्रं आणि विजेच्या वस्तूंना ब्रिटन सीई खूण (युरोपच्या सुरक्षा नियमांची) बहुतेक प्रकारांत मानतो, पण ती देणारी प्रमाणन संस्था ब्रिटनमधली असेल तर युरोप मानत नाही, म्हणून संस्था युरोपचीच निवडा. मसाले, लोणची, फरसाण पाठवणाऱ्यांनी पाकिटावरचा पत्ता पाहावा: युरोपात युरोपीय संघातला किंवा उत्तर आयर्लंडचा पत्ता लागतो, ग्रेट ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२४ पासून युनायटेड किंगडममधला. एकाच लेबलवर दोन्ही पत्ते छापले तर दोन वेगळे साठे ठेवावे लागत नाहीत.

कीटकनाशकांच्या अवशेष मर्यादा २०२१ पासून दोन्हीकडे वेगळ्या वाटेने बदलत आहेत. ब्रिटनची मर्यादा काही कीटकनाशकांसाठी सैल राहिली म्हणून फवारणीचं वेळापत्रक त्यावर बेतण्याचा मोह होतो. तो टाळा. १९ मे २०२५ ला ब्रिटन आणि युरोपीय संघाने अन्न आणि वनस्पती-आरोग्याचा समान करार करायचं ठरवलं आहे. त्यात ब्रिटन युरोपचे नियम, कीटकनाशकांचे धरून, बदलतील तसे पाळणार आहे. तेव्हा प्लॉट युरोपच्या मर्यादेवरच ठेवा.